डोंबिवलीच्या ब्लॉकसाठी ठेवलेला भाडेकरू

सालमिया, शनिवार दिनांक १२ मार्च १९८३

मी, शामला जयप्रकाश आंबर्डेकर, वय ३९ वर्षे, धंदा सरकारी इस्पितळात नर्स, मूळ गाव मालवण, हल्ली नोकरीनिमित्त आखातात, राहणार सालमिया, पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी व माझे पती जयप्रकाश राहतो. मूलबाळ नाही. पती एका कंत्राटदाराकडे ओव्हरसियर आहेत. सन १९७७ मध्ये त्यांनी डोंबिवलीत कर्जाने ब्लॉक घेतल्याचे मला सांगितले. हप्ते जड जातात म्हणून पुढच्या वर्षी आम्ही इथल्या घराची झोपायची खोली भाड्याने दिली. तेव्हापासून आम्ही हॉलमध्ये सतरंजीवर झोपतो. ब्लॉकला बाल्कनी आहे, असे पती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी तो पाहिलेला नाही. कर्ज फिटेपर्यंत किल्ली बँकेत असते, असे ते म्हणत. मी शिकलेली बाई आहे, तरी ते खरे मानले.

भाडेकरू हुसेन परकार हे चिपळूणचे, इथे शुऐबा येथील कारखान्यात फिटर आहेत. त्यांच्याविषयी माझे मत विशेष चांगले नाही. चहा बशीतून भुरकतात, न्हाणीघर तासभर अडवतात. पण पाच वर्षांत त्यांनी मला वहिनीशिवाय हाक मारलेली नाही.

गेल्या महिन्यात ते सुट्टीवर गावी गेले, तेव्हा पतीच्या डायरीतून पत्ता उतरवून मी त्यांच्यासोबत ब्लॉकच्या दाराला तोरण पाठवले. पतीस सांगितले नाही. वास्तुशांतीचा विषय काढला की ते चिडत.

काल शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास आम्ही तिघे जेवत असताना हुसेन म्हणाले, "वहिनी, तोरण दिलं. तुमच्या जाऊबाईंनी चहा पाजला. बाल्कनीला काचा लावून घेतल्यात त्यांनी."

मी विचारले, "जाऊबाई तिथे कशा?"

"पाटीवर हरिश्चंद्र आंबर्डेकर आहे. चार वर्षं राहतात. ब्लॉक त्यांच्याच नावाचा, म्हणाल्या."

हरिश्चंद्र हे माझे दीर. मी पतीकडे पाहिले. ते माशाचा काटा काढत होते. म्हणाले, "घर एकच आहे आपलं. नाव कुणाचं का असेना."

मी म्हटले, "मग माझं लावा."

त्यावर ते हुसेन यांना म्हणाले, "आत्ताच्या आत्ता खोली खाली कर."

हुसेन म्हणाले, "जेवण तर होऊ द्या, भाऊ."

पतीने आमटीचे पातेले उचलून त्यांच्या अंगावर फेकले. मान व डावा खांदा भाजला. आरडाओरडा ऐकून शेजारच्या फखरुन्निसा यांनी पोलिसांना फोन केला.

"हुसेनने माझ्या बायकोचा हात धरला म्हणून मारलं," असे पतीने पोलिसांना सांगितले. हे पोलिसांबरोबरच मलाही तेव्हाच कळले.

आज सकाळी पती मला म्हणाले, "तू फक्त हो म्हण. त्याला मायदेशी परत पाठवतील, विषय संपेल. तो काय आपला आहे?"

मी विचारले, "आणि ब्लॉक?"

"त्याचं काय आता मध्येच?"

हुसेन यांनी माझा हात धरला नाही. त्यांना नळाखाली नेताना मी त्यांचा धरला होता. भाजलेल्या माणसाला तसेच न्यावे लागते.

पतीविरुद्ध मला स्वतःची तक्रार द्यायची नाही. तेवढी त्यांची योग्यता नाही. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे, तो मिळावा. मी आजपासून नर्सेस हॉस्टेलवर राहणार आहे.

दुभाषी अहमद यांनी अरबीत लिहिलेले मला हिंदीत वाचून दाखवले. "हात धरला नाही" यापुढे त्यांनी "असे वाटते" घातले होते. ते मी खोडायला लावले. आता मी सांगितले तसे आहे.

सही
शामला ज. आंबर्डेकर