अर्धा ट्रक विटा

एक पेला पाणी. अर्धा ट्रक विटा. गॅलरीतल्या टाळ्या. 'गाड्या कुठे लावणार?' असा रंगवलेला फलक. आणि एक पायरी — जी नाहीच!

गोंधळलात? गोंधळा! मृदंग जरा थांबू दे. मंडळी, ऐका. आधी प्रश्न घ्या — आपल्या माणसाला जे हवंय, ते आपल्याला नको असलेल्या दारातच मिळत असेल, तर काय करावं? आत्ता उत्तर देऊ नका.

सोलापुरातली नवी कॉलनी. तिथल्या अनसूयाबाई कुलथे, भजनी मंडळाच्या प्रमुख. आवाज असा, की माईकवाला माईक बंद करून चहाला जायचा! कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर मशीद होणार असं कळलं, आणि बाईंनी पदर खोचला. विटांचा ट्रक आला, अर्धा उतरला — बाई समोर उभ्या, हातात रंगवलेला फलक! "गाड्या कुठे लावणार?" बरोबर आहे हो! आपला मांडव रस्त्यात घालतो तेव्हा आपण गाड्या आभाळात लावतो! ...हसता काय? मीही त्याच मांडवात उभा राहतो.

काम थांबलं. विटा तिथेच पडल्या. नमाज पत्र्याच्या शेडमध्ये चालू राहिला.

पण घरी? घरी दिगंबरराव — बाईंचे यजमान. सगळं विसरलेले. आयुष्यभर 'अनू, अनू' करणारा माणूस आता बायकोला 'आई' म्हणायचा! आणि दिवे लागले की एकच हट्ट —

"आई, पायरीवर ने ना."

"कुठली पायरी हो?"

"आपली!"

दत्ताच्या देवळात नेलं. मारुतीच्याही नेलं. दिगंबरराव पायरीकडे बघायचे, मान हलवायचे आणि हुंदके देऊन रडायचे. जेवण सुटलं. बाई ताट घेऊन नुसत्या समोर बसून राहायच्या.

शेवटी त्यांनी नणंदेला फोन लावला. "वन्सं, ही पायरी कुठली?"

पलीकडे हसू. "अगं, मशिदीची! पेठेतल्या. लहानपणी दिगू सारखा आजारी. आई संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन तिथं उभी राहायची, हातात पाण्याचा पेला. नमाज सुटला की बाहेर येणारे दुवा म्हणून पाण्यावर, पोरावर फुंकर घालायचे. पेठेतल्या सगळ्याच बाया उभ्या असायच्या!"

त्या दिवशी बाई भजनाला गेल्या नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी निघाल्या. एका हातात पेला, दुसऱ्या हातात दिगंबरराव. जागा समोरच, पण रस्ता सरेना! वर गॅलऱ्यांत मंडळाच्या बायका. शेडच्या दारात दस्तगीरभाई — ट्रकसमोर बाईंनी ज्याला नाही नाही ते ऐकवलं होतं, तोच!

"काय मावशी, आज शेड पाडायला?"

बाईंनी पेला पुढे केला. दस्तगीरभाईनं पेल्याकडे पाहिलं, दिगंबररावांकडे पाहिलं. समजलं त्याला.

पण दिगंबरराव अडून बसले! "पायरी कुठंय?"

"आजोबा, पायरी मावशींनीच अडवलीय की!" असं म्हणत दस्तगीरभाई विटा रचू लागला. त्याच विटा! बाईंनी पेला खाली ठेवला, आणि त्याही विटा उचलू लागल्या.

दिगंबरराव त्या विटांच्या पायरीवर बसले. नमाज सुटला. माणसं येत गेली, वाकत गेली, पेल्यावर फुंकर घालत गेली.

'अनू' म्हणाले का? नाही हो. "आई, घरी जाऊ," एवढंच म्हणाले. आणि घरी येऊन जेवले. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या — येईल का ते नाव? अजून बघतायत.

मग मोठी सभा ठरली, मशीद नको म्हणून. बायका बोलवायला आल्या. "बाई, तुम्हीच बोलायचं हं!"

"कधी आहे?"

"दिवेलागणीला."

"मग जमायचं नाही. ह्यांना पायरीवर न्यायचंय."

मंडळानं दुसरी प्रमुख नेमली. बाई आता घरातच भजन म्हणतात, हळू आवाजात.

मंडळी, आता तुम्ही घरी जाल. घरातलं कुणीतरी काहीतरी मागेल. ते कुठल्या दारात मिळतं, एवढं तरी विचाराल? की आधी फलक रंगवाल?

वाजवा मृदंग.

ट्रक आला त्या सकाळी दिगंबरराव गॅलरीत उभे होते. बाई खाली पोचायच्या आधीपासूनच, उतरणाऱ्या विटा बघून ते 'पायरी, पायरी' म्हणत टाळ्या वाजवत होते.