टोकाचे गुण

अठ्ठावीस मे, सकाळपासून आभाळ भरलेलं, झाडाचं पान हलेना... आणि असल्या उकाड्यात आमचे संख्याशास्त्राचे सर कोट घालून मुलाखतीला! अहो, करतात काय? अख्खी गल्ली 'प्रोफेसर' म्हणते, पण कागदावर तीस वर्षं नुसते व्याख्याते, निवृत्ती दोन वर्षांवर, प्रोफेसरची ही शेवटचीच जागा!

तुम्हाला सांगतो, या माणसाचं एकच तुणतुणं... "टोकाचं काढून टाका!" पाच मापं घ्या, सर्वांत मोठं बाद, सर्वांत लहान बाद, उरलेल्यांची सरासरी! शिंप्याकडेही तेच! तो बिचारा म्हणतो, "सर, कंबर एकच आहे हो तुमची!" लेक गाण्यात पहिली आली, तर हे म्हणतात, "आज जरा जास्तच लागला सूर, हा धरायचा नाही." पोर रडली ना! वहिनी कडाडल्या, "अहो, एकदा तरी शाब्बास म्हणा!" छे! टोकाचं काढून टाका!

बरं, निवडीचा नियमही यांनीच कॉलेजला करून दिलेला. पाच परीक्षक, वरचे गुण बाद, खालचे बाद, म्हणजे वशिला नको! मुलाखतीत चौघं घड्याळाकडे बघत बसले, आणि पाचव्या, त्या पिकल्या केसांच्या बाई, म्हणाल्या, "सर, तुमचं ते जुनं संशोधन मी तीनदा वाचलंय. सुंदर आहे." झालं! सरांनी उठून त्यांना नमस्कारच केला... तीस वर्षांत वाचणारं पहिलं माणूस हो!

संध्याकाळी प्राचार्यांनी आत बोलावलं, दार लोटलं. "बाईंनी अठ्ठ्याण्णव दिलेत, सर! सरळ सरासरी धरली तर तुम्ही त्र्याहत्तर, तो दुसरा उमेदवार एकाहत्तर. यंदापुरता बाजूला राहू द्या ना तुमचा नियम! कोण विचारतंय?"

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, त्या अठ्ठ्याण्णववर बोट ठेवलं... आणि ते बोट काही उचलवेना! प्राचार्य थांबले, शिपाई चहा ठेवून गेला, चहावर साय आली... मग म्हणाले, अगदी हळू, "टोकाचं... काढून टाका."

घरी वहिनी दारातच. "काय झालं?"

"अगं, एका बाईंनी वाचलंय माझं."

"मग?"

"मग काय... त्यांचं धरायचं नाही."

नियमाप्रमाणे सरांना एकोणसत्तर, दुसऱ्याला एकाहत्तर. जागा दुसऱ्याला मिळाली.