पाहणारे: सात

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे संस्थापक आदरणीय रवींद्र साबळे सर, प्रमुख पाहुण्या सुरेखाताई, ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. प्रबोध ओगले आणि सौ. प्रणिता, बुकित बातोकच्या ऑफिसातले माझे सहकारी, क्लेमेंटी आणि वुडलँड्सहून आलेली मित्रमंडळी, आणि मागच्या रांगेत खुर्च्या सरकवणाऱ्या बालमित्रांनो,

सर मला म्हणाले, "सुलभाताई, प्रबोधबद्दल चार चांगले शब्द बोला. पाच मिनिटं." मी हो म्हटलं. मलाच का सांगितलं, याचा मी त्यानंतर दोन दिवस विचार करत होते. संशयाची सवय एकदा लागली की साध्या निमंत्रणातही हेतू दिसायला लागतो. ही सवय मला गेल्या नोव्हेंबरपासून लागली. तिथूनच सांगते.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात, ज्यात पाय कमी आणि खांदे जास्त वापरले जातात. तिथल्या एका व्यावसायिक टीमच्या सामन्याचं चित्रीकरण सोमवारी पहाटे इथे सिंगापुरात आमच्याकडे यायचं. आम्ही नऊ जण ते थांबवून थांबवून पाहायचो. कोण कुठे उभा होता, कुणी कुणाला अडवलं, कोण चुकला, सगळं नोंदवायचो आणि संध्याकाळी सहापर्यंत अहवाल पाठवायचो. तेव्हा तिथे सकाळ व्हायची. टीमचं नाव घ्यायला करारानं बंदी आहे. खरं तर गेल्या मोसमात त्यांनी स्वतःसुद्धा ते फार मोठ्यानं घेतलं नसेल. सोळा सामने, चौदा पराभव.

पराभव नोंदवायचं काम कसं असतं, हे तुम्हाला कसं सांगू? माणूस पडतो, आपण मागे जाऊन तो पुन्हा कसा पडला ते पाहतो. दिवसातून चाळीस वेळा. अडुसष्ट नंबरचा एक आडदांड खेळाडू होता. इतका पडायचा की आमचा विवेक त्याला 'आमचे काका' म्हणायला लागला. "सुलभाताई, आमचे काका आज उठतच नाहीयेत हो!"

आमच्याकडे एक प्रथा होती. अहवाल तिकडे कितीजणांनी उघडला याचा आकडा आम्हाला दिसायचा, आणि मंगळवारी जो आधी येईल त्यानं तो पँट्रीतल्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचा. 'पाहणारे: अकरा.' पाचाच्या वर आकडा असला की सर सगळ्यांना नारळाच्या जॅमचा काया टोस्ट मागवायचे. पराभव वाढत गेले तसा आकडा उतरला. नऊ, चार, दोन. मग नोव्हेंबरात एकदम सात. पुढच्या मंगळवारीही सात. त्याच्या पुढच्याही. विवेक तर आनंदानं ओरडला होता, "काका हरले तरी वाचणारे टिकून आहेत!"

मी कामाची तपासणी करते. दर आठवड्याला बरोबर सातच? मला ते टोचलं. त्याच सुमारास अमेरिकेहून दोन ओळींची मेल आली. आमचे डाव प्रतिस्पर्ध्यांना आधीच कळतात असं वाटतं, तुमच्याकडून काही बाहेर जातंय का ते पाहा.

त्या मेलनंतर ऑफिसची हवाच बदलली. कुणी फोन घेऊन जिन्यात गेलं की बाकीच्यांची बोटं कीबोर्डवर थांबायची. प्रिंटरशी कोण किती वेळ उभं राहतं, तेही लक्षात राहायला लागलं. मी अहवाल उघडणाऱ्यांची यादी काढली. सातही नोंदी सिंगापूरच्या होत्या. क्लेमेंटीच्या. आणि क्लेमेंटीत राहणारा आमच्यात एकच.

प्रबोध सोमवारी सहाला, अहवाल गेला रे गेला की, कुणाशी न बोलता निघायचा. पूर्वी आमच्यासोबत हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाड्यांवर जेवायचा. आता "घाई आहे" म्हणायचा. फोन टेबलावर पालथा ठेवायचा. या सगळ्याला साधी कारणं असू शकतात, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ती मला नको होती.

आठ डिसेंबरला मी त्याच्या मागे गेले. एकटी बाई घुटमळताना दिसू नये म्हणून लेकीला, इराला, सोबत घेतलं. क्लेमेंटीची लायब्ररी. प्रबोध एका कॉम्प्युटरवर बसला, आमचा अहवाल उघडला. दहा मिनिटांनी उठून दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. आम्ही बालसाहित्याच्या कपाटामागे.

"मम्मा, व्हाय आर वी हायडिंग? दॅट्स प्रबोध अंकल लाह!"

"हळू बोल."

"आय गो से हाय?"

मी तिचा हात घट्ट धरून ठेवला. तिच्या मनगटावर माझ्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या, हे मला घरी गेल्यावर दिसलं.

बारा डिसेंबरला मी सरांना सहीनिशी पत्र दिलं. त्यात 'चोरी' हा शब्द नव्हता. मी भाषेला जपणारी बाई आहे. मी लिहिलं, 'प्रबोध यांचं वागणं विश्वास ठेवण्यासारखं राहिलेलं नाही.' सरांनी त्याला बोलावून विचारलं, लायब्ररीत काय करतोस? तो म्हणाला, "वाचतो, सर." एवढंच. जानेवारीत सरांनी त्याचा इथला नोकरीचा पास पुढे वाढवायचा नाही असं ठरवलं. आणि प्रबोध ओगले यांना पुण्यात उत्तम संधी मिळाली, असं आज निमंत्रणपत्रिकेवर छापून आलं.

सर, तुम्ही घड्याळ पाहताय. माझी पाच मिनिटं संपली आहेत. पण चार चांगले शब्द अजून झालेले नाहीत.

फेब्रुवारीत करार संपला तेव्हा अमेरिकेच्या माणसानं आभाराची मेल पाठवली. मनमोकळी होती. डाव कसे फुटत होते ते त्यांना सापडलं होतं. त्यांचा एक खेळाडू चेंडू फेकायचा डाव असला की आधीच उजवा पाय वीतभर मागे टाकायचा. समोरच्यांनी ते ओळखलं होतं. तो खेळाडू अडुसष्ट नंबरचा. पुढे लिहिलं होतं, नोव्हेंबरपासून आम्ही बाहेरचे अहवाल उघडणं बंद केलं होतं, त्याबद्दल दिलगीर आहोत.

मी आमचे जुने अहवाल काढले. दहाव्या सामन्याचा, पान तीन: 'अडुसष्ट नंबर पाय मागे घेतो, लक्ष द्यावं.' हे वाक्य माझंच होतं. मीच लिहिलं होतं, आणि ते कुणी वाचलं नव्हतं.

कुणी म्हणजे अमेरिकेत कुणी. सातही नोंदी सिंगापूरच्या, म्हणजे अमेरिकेच्या शून्य. इतकं सोपं गणित, आणि ते मला सुचलं नाही. यादी हातात होती, पण मी तिच्यात फक्त चोर शोधत होते.

गेल्या रविवारी मी प्रबोधच्या घरी गेले. खोक्यांतून वाट काढत प्रणितानं मला बसायला स्टूल दिलं. मी विचारलं, "सात कसे रे?"

"लायब्ररीचे तीन. माझा लॅपटॉप, माझा फोन, हिचा फोन, पोराचा टॅब्लेट."

प्रणिता म्हणाली, "सोमवारी कुकरच्या शिट्ट्या मोजू की फुटबॉल वाचू, असं व्हायचं माझं, सुलभाताई."

"अरे, पण सिस्टीम तूच सांभाळायचास, आकडाच बदलायचा ना. तुला दोन मिनिटांचं काम."

"ते खोटं झालं असतं," तो म्हणाला. "मी सातही वेळा पूर्ण वाचायचो. पान तीनबद्दल तिकडे दोनदा कळवलंसुद्धा. उत्तर नाही आलं."

"आणि सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर फळ्यावर शून्य आलं असतं. विवेक मंगळवारी आधी फळ्याकडे जातो, मग खुर्चीत बसतो. तुम्हीही."

खरं सांगू? तिथेही, त्या स्टुलावर बसून, माझ्या मनात आलं की हा इतका चांगला का वागतोय, याला माझ्याकडून काय हवंय. हा आजार इतक्यात जात नाही.

त्यानं एकच मागितलं, शून्याची गोष्ट बाकीच्यांना सांगू नका. मी हो म्हटलं. प्रबोध, ते वचन मी आज मोडते आहे. विवेक, बाळा, नोव्हेंबरपासून आपलं काम एकच माणूस वाचत होता. त्यानं केलं ते बरोबर होतं का, असं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी खुशाल विचारावं. पण गेले दोन महिने या मंडळींत जी कुजबुज चालली आहे, 'काहीतरी केलं असेल म्हणूनच पास गेला,' ती आज या हॉलमधून बाहेर जाऊ नये. त्यानं काहीही चोरलं नाही. जे केलं ते मी केलं, आणि सहीनिशी केलं.

प्रबोध, तू आणि प्रणिता जिथे जाल तिथे सुखात राहा. पोराला टॅब्लेट आता सोमवारीही मिळू दे.

अध्यक्षमहोदय, आपण मला बोलण्याची संधी दिलीत, सुरेखाताईंनी वेळ काढला, हॉल सजवणाऱ्यांनी दुपारपासून कष्ट घेतले, त्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून आपण सगळेच खाली बसतो. मला मात्र आज बोलण्याची नाही, लिहिण्याची क्षमा मागायची आहे. सर, माझं बारा डिसेंबरचं पत्र तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. हे भाषणही मी लिहून आणलंय, ते त्याच्यावर ठेवा. सही दोन्हीवर माझीच आहे.

धन्यवाद.