पाचशेतलं एक घड्याळ

"काळ माझ्या मुठीत हाय, मावशी!" पेणच्या एसटी स्टँडवर मितेशनं सोबत आलेल्या मावशीला जाहीर केलं, तोवर रोह्याची गाडी सुटली होती. शेजारच्या बाकावर गाडीची वाट बघणाऱ्या दत्तात्रेयांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"मुलीच्या बापानं अकराला बोलावलंय. घड्याळ बघायचंस ना!" मावशी म्हणाली.

"ते बंद हाय. जुन्या क्रोनोग्राफ घड्याळाची नवी आवृत्ती, जगात पाचशेच! चावी नाय द्यायची, वापरलं की किंमत उतरते."

"जोह्यात आपल्या कारखान्यात आपण जुन्या साच्यातनं नवा गणपती काढतो, तसंच. पण त्याची लोक प्राणप्रतिष्ठा करतात रे."

"सासरेबुवा घड्याळं जमवतात. वरचं प्लास्टिक काढलेलं दिसलं, तर मुलगी नाय द्यायचे."

"आणि उशिरा गेलास तर देतील?"

प्लास्टिक सोलल्याचा आवाज आला. चावी फिरली, मग दत्तात्रेयांना टिकटिक ऐकू आली.

"बरं झालं. आता घड्याळाचा तो डबा मला दे, गणपतीचे डोळे आखायचे ब्रश ठेवायला," मावशी म्हणाली.