घरात राहणारी माणसं

अधिकारी: टेपचं ते टोक भिंतीला टेकवून धरा, काकू. सैल नको.

सासू: जन्म गेला शिवणकामात, बाई. टेप सैल धरायची नसते हे आता नगरपालिकेकडून शिकायचं का?

अधिकारी: ही पुढची खोली झाली. मागच्या खोलीतही मशिनंच दिसतायत.

सासू: दोन मशिनं आणि कापायचं टेबल. शाळेच्या गणवेशांचं काम धरलंय. पण मला एक कळत नाही, आमच्या घरात आम्ही काय करायचं ते तुम्ही ठरवणार? उद्या विचाराल, भाजीत मीठ किती घालता.

अधिकारी: मिठाला अजून मोकळीक आहे. ही गल्ली नव्या आराखड्यात निवासी विभागात आलीय. दुकानं, कारखाने बाजाराच्या विभागात. घरात छोटा व्यवसाय चालतो, पण त्याला अटी आहेत. आणि मशिनांच्या आवाजाची तक्रार आली, म्हणून मला येऊन मोजावं लागतंय.

सासू: शेजारच्या मास्तरांची तक्रार. नाव सांगू नका, ठाऊक आहे. मागच्याच आठवड्यात त्यांच्या पँटची कंबर वाढवून दिली. तेव्हा बरा आवाज गोड लागला.

सून: आई, त्यांना त्यांचं काम करू द्या.

सासू: मी काय त्यांचा हात धरलाय?

अधिकारी: पहिली अट. व्यवसायानं घराचा फार तर चौथा हिस्सा व्यापलेला चालतो. तुमच्याकडे जवळजवळ अर्धं घर व्यापलंय. मागची खोली रिकामी करावी लागेल.

सासू: करू. मशिनं पुढे दाटीवाटीनं बसतील. झालं?

अधिकारी: दुसरी अट. काम करणारी माणसं त्याच घरात राहणारी हवीत. बाहेरचा कामगार चालत नाही. या कोण?

सासू: माझी सून. एकुलत्या एका मुलाची बायको.

अधिकारी: मग प्रश्नच नाही. इथेच राहतात ना?

सून: नाही. आम्ही दोघं पुलापलीकडे राहतो. मी सकाळी येते, संध्याकाळी जाते.

अधिकारी: म्हणजे नियमाच्या लेखी तुम्ही बाहेरच्या.

सासू: अहो, कापण्यापासून काजं-बटणांपर्यंत सगळं हिच्या हातात. माझी नजर गेली, सुईत दोरा ओवता येत नाही. ही नसली तर मशिनांवर काय उशा मांडून ठेवू? सुनेला बाहेरची म्हणणारा हा कुठला नियम?

सून: नियमानं आज म्हटलं, आई. तुम्ही गेल्या वर्षीच म्हटलं होतंत.

सासू: घ्या. भांड्याला भांडं लागतंच, बाई. तेवढ्यानं कुणी बाहेरचं होत नाही.

अधिकारी: त्यात मी पडत नाही. बाजारात एखादा गाळा घेऊन पाहा.

सासू: गाळ्याचं भाडं भरायचं तर गणवेश सोन्याच्या दोऱ्यानं शिवावे लागतील. दुसरी वाट सांगा. नियम तिथे पळवाट, असं म्हणतात.

अधिकारी: पळवाट नाही, सवलत. खास अडचण असेल तर समितीकडे अर्ज करता येतो.

सासू: आहे की अडचण. मला दिसत नाही, आणि जिला दिसतं ती इथे राहत नाही. लिहा.

अधिकारी: पण समिती एक गोष्ट हमखास विचारते. ही अडचण अर्जदारानं स्वतःच ओढवून घेतलेली नसावी. तेव्हा मला सांगा, या इथून का गेल्या?

(सासूच्या हातून टोक सुटतं. टेप आपोआप गुंडाळली जाते.)

सून: आमचे आम्हीच गेलो. जागा पुरत नव्हती, असं लिहा.

सासू: काही लिहू नका. अगं, खोटं कशाला सांगतेस? आणि तेही माझ्यासाठी? बाई, मीच म्हटलं, या घरात एकच शिंपीण राहील.

अधिकारी: काही चुकलं होतं का यांचं?

सासू: चुकलं असतं तर बरं झालं असतं. माझी खूण सोडून हिनं एका गिऱ्हाइकाचा कोट स्वतःच्या मनानं कापला, आणि असा बसला म्हणता! आरशासमोरून हलेना तो माणूस. माझ्या हातचा कोट घालून इतका वेळ कधी कुणी उभं राहिलं नव्हतं. मला ते लागलं. फार लागलं.

अधिकारी: मग अर्ज टिकणार नाही, काकू. स्वतः ओढवलेली अडचण झाली ही.

सासू: म्हणजे मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. तुमच्या समितीच्या आधी मला कळलंय ते.

अधिकारी: पण अर्ज हवाय कशाला? मागची खोली रिकामी होणारच आहे. हे दोघं तिथे राहायला आले की दोन्ही अटी पूर्ण. तक्रार निकाली.

सासू: ऐकलंस ना? आता कायद्यापुढे कुणाचं चालतं? रविवारी सामान घेऊन या.

सून: नाही, आई. कायद्यासाठी मी नाही यायची.

सासू: गणवेशांचं काम बुडेल.

सून: बुडू दे. बाजारातल्या शिंप्यानं मला दोनदा विचारलंय.

सासू: कधी? बोलली नाहीस.

सून: नाही म्हणाले त्यांना, मग काय बोलायचं?

सासू: का नाही म्हणालीस? पगार चांगला देतो तो.

सून: सुईत दोरा कोण ओवणार होतं इथे?

सासू: मग कायद्यासाठी नाही, कामासाठी नाही, तर यायचीस कशासाठी, ते तरी सांग.

सून: तुम्ही ये म्हणालात तर.

सासू: बाई, याचा काही छापील अर्ज असतो का हो?

अधिकारी: नाही, काकू. हे तोंडीच करावं लागतं. मी तोवर बाहेर जाऊन फाटक मोजते.

सासू: फाटकाचा कुठला नियम आहे?

अधिकारी: कुठलाच नाही.