चोविसावा सदरा

...आणि वर तोंड करून मलाच विचारतात हो, "ते चोवीस नंबरवाले टेलर इथंच बसतात का?" इथंच बसतात! मग बेचाळीस वर्षं या दुकानात मी काय उभा आहे? पाटी माझी, कातर माझी, भिंतीवरचा आरसा माझा, कोपऱ्यातल्या मशीनवर बसलेल्या आमच्या साडूभाऊंना टीप सरळ मारायला शिकवलं तेही मीच... आणि रांग कुठं? कोपऱ्यात! मंडळी, कृपा करून गैरसमज नको. हा मत्सर नव्हे. हे निरीक्षण आहे.

तुम्हाला सांगतो, मुळात हे सगळं माझ्याच औदार्यामुळे घडलं. आपला फुटबॉल संघ जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला निघालेला, विमान चार दिवसांवर, आणि एका धुलाईत सदऱ्यांवरचे छापील आकडे भिंतीचे पोपडे निघावेत तसे निघाले! संघाचे व्यवस्थापक गठ्ठा काखेत मारून धापा टाकत आले ते माझ्याकडे. माझ्याकडे, बरं का! "काका, अब्रूचा प्रश्न आहे. कापडाचे आकडे कापून शिवून द्या. तेवीस खेळाडूंच्या तेवीस जर्स्या, आणि चोविसावी जादा. सामन्यात कुणाची फाटली, रक्त लागलं, तर घालायला."

आता एक ते अकरा म्हणजे प्रत्यक्ष मैदानात उतरणारे वीर. ते ज्येष्ठतेच्या न्यायानं माझ्याकडे आले, म्हणजे मीच घेतले. साडूभाऊंना म्हटलं, "तुम्ही बारापासून पुढचे घ्या. राखीव मंडळी आहेत, बाकावर टेकून बसणार, पाठ कुणाला दिसायची नाही. टीप वाकडी गेली तरी चालेल." तर हे मान डोलावून, "बरं, दादा." संपलं! या गृहस्थानं आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नाही. आणि त्याचाच तर संताप येतो!

माझा दहा नंबर तुम्ही पाहायला हवा होता. कप्तानाचा! तीनदा उसवला आणि तीनदा शिवला. एक आणि शून्य यांच्यात बरोबर दोन बोटांचं अंतर. ग्रंथालयात फुटबॉलवर होती नव्हती ती तीन पुस्तकं मी आधीच वाचून काढली होती, त्यामुळे जगाचे कॅमेरे कुणाच्या पाठीवर रोखलेले असतात हे मला पक्कं ठाऊक होतं.

स्पर्धा सुरू झाली. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात टीव्ही, सगळी गल्ली तिथं कोंबलेली. पहिला सामना. बाराव्या मिनिटाला माझ्या नऊ नंबरचा पाय मुरगळला. बदली कोण आला? सतरा! साडूभाऊंचा सतरा! आला काय, धावला काय, गोल मारला काय, आणि वर कॅमेऱ्याकडे पाठ करून दोन्ही अंगठ्यांनी आपला आकडा दाखवत सुटला! न्हावी वस्तरा हवेत फिरवत ओरडला, "अरे, हा आकडा आपल्या गल्लीतला!" गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं नाचलं. साडूभाऊ मात्र लाजून, "नशीब हो, दादा." नशीब!

दुसरा सामना. माझ्या चार नंबरनं गोल केला. केला, पण आपल्याच जाळ्यात! आणि मग परतफेड कुणी केली? पंधरानं. घरी आलो तर ही स्वयंपाकघरातून विचारते, "अहो, जळल्याचा वास कुठून येतोय? गॅस तर मी केव्हाच बंद केला!" तिला म्हटलं, हा मत्सर नव्हे, हे निरीक्षण आहे. तर म्हणते, "बरं, मग निरीक्षण गार व्हायच्या आत जेवून घ्या. आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला पेढे मी दिलेत हो आपल्यातर्फे." आपल्यातर्फे!

पण मी धीर सोडला नाही. उपांत्यपूर्व सामना, सत्तर मिनिटं झालेली, फळा कोरा, आणि चेंडू कप्तानाच्या पायात! माझा दहा नंबर पडद्यावर हाऽ एवढा मोठा! मी न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "ते अंतर पाहा, दोन बोटांचं..." आणि तेवढ्यात समोरच्याचं कोपर कप्तानाच्या नाकावर! रक्ताची धार! पंचानं सदऱ्याकडे बोट दाखवलं, रक्ताळलेला चालणार नाही, बाहेर जा. मंडळी, तुमच्या लक्षात येतंय ना पुढं काय झालं ते? माझा कप्तान, माझा स्वतःचा कप्तान, नाकात कापूस कोंबून परत मैदानात आला तो चोवीस नंबर घालून! आणि शेवटच्या मिनिटाला त्यानं तो गोल मारला, जो तुम्ही सगळ्यांनी शंभर वेळा पाहिला आहे. सगळा संघ त्याच्या अंगावर कोसळला. न्हावी साडूभाऊंच्या अंगावर कोसळला. माझ्या अंगावर फक्त कुणाचा तरी चहा सांडला.

उपांत्य सामन्यात दहा नंबर धुऊन पुन्हा अंगावर आला, आणि आपण चार गोल खाऊन घरी परतलो. त्यावर न्हावी काय म्हणाला असेल? "चोवीसच घालायला हवी होती राव! ती दहा नंबरची जर्सीच पनवती." पनवती! तीनदा उसवलेली! त्या दिवसापासून मी दाढी घरी करतो.

महिन्याभरानं व्यवस्थापक तोच चोविसावा सदरा घेऊन आले. संघाच्या कार्यालयात काचेच्या पेटीत ठेवायचा होता, खाली पाटी, 'शिलाई' आणि पुढं साडूभाऊंचं संपूर्ण नाव. पण त्या कोसळाकोसळीत आकड्याच्या कडेनं पाठ वीतभर फाटलेली. साडूभाऊंनी तो हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "दादा, मला मशीन येतं. रफू तुमच्याशिवाय कुणाला येतं?"

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मनात काय काय आलं! एक जाड टाका, फक्त एक, वेगळ्या छटेच्या दोऱ्याचा... जगाला दिसलं असतं की इथं दुसरा हात लागला आहे. कोण विचारणार होतं? साडूभाऊ तर नक्कीच नाही. पण दोरा ओवायला घेतला आणि बोटं ऐकेनात. बेचाळीस वर्षांची सवय! त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतले धागे काढले, दोन दिवस एकेक धागा भरत बसलो. व्यवस्थापकांनी सदरा उजेडात धरला आणि विचारलं, "काका, फाटलं होतं ते कुठं?" मलाही चष्मा लावून शोधावं लागलं.

आता मी दर रविवारी जातो ती पेटी पाहायला. परवा एक कुटुंब उभं होतं, त्यांना मी काचेवर बोट ठेवून सांगू लागलो, "हे बघा, इथून इथपर्यंत फाटलेलं होतं..." तोच पहारेकरी धावत आला. "आजोबा, बोट काढा! कुठं फाटलंय? चांगल्या कारागिराच्या कामाला उगाच नावं ठेवताय. जळता काय त्याच्यावर?"

मी बोट काढलं. काय करणार... बेचाळीस वर्षांत माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं हो!