लाल खिळा

(एप्रिलमधली सकाळ. कॅनडात मॅनिटोबातलं तळं, पाणी चढतंय; होड्यांचा धक्का. थॉरलाक, सत्तरीचा कोळी. स्टेनुन, त्याची पुतणी. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर वाळूच्या पिशव्यांचा बांध तिच्या देखरेखीखाली चाललाय.)

स्टेनुन : काका, टोकाकडचा बांध छातीपर्यंत आला. दुपारपर्यंत पुरा होतो. मग रस्त्याच्या बांधाला एकही पिशवी उरणार नाही, पण तुम्हीच म्हणालात, टोक वाचतंय.

थॉरलाक : थांबव.

स्टेनुन : काय थांबवू?

थॉरलाक : काम. टोक वाचत नाही.

स्टेनुन : अहो, पाण्यातला खांब बघा ना. लाल खिळ्याच्या खाली अजून वीतभर पाणी आहे. पाणी खिळ्याला लागलं की टोक सोडायचं, पिशव्या रस्त्यावर. हा नियम तुम्ही आणि बाबांनीच केलाय.

थॉरलाक : खांब वर आलाय. बर्फ धरून उचलतं त्याला, दर हिवाळ्यात. म्हणून तर बर्फ सुटायला लागलं की आम्ही चर्चच्या दगडी पायरीशी त्याची पातळी ताडून बघायचो. पाणी भरलेली लांब नळी लावायची, दोन्हीकडचं पाणी एका पातळीत राहतं; मग खांब परत ठोकायचा.

स्टेनुन : तुम्ही ताडून बघितलं नाहीत?

थॉरलाक : दोन वर्षं नाही. नळीला दोन माणसं लागतात, एक इकडे, एक तिकडे. नळीचं पायरीकडचं तोंड तुझा बाप धरायचा.

स्टेनुन : मग मला हाक मारायची. मी काय परकी होते?

थॉरलाक : नाही गं पोरी. त्याची जागा दुसऱ्याला द्यायला जीव धजला नाही. पहिल्या वर्षी पाणी आलंच नाही, म्हटलं, चाललंय. आज पहाटे झोप लागेना, तेव्हा तुझ्या काकूला, रूनाला उठवलं. तिनं धरली नळी.

स्टेनुन : किती?

थॉरलाक : वीत. पुरी वीत. पाणी खऱ्या खिळ्याला कधीच लागलंय.

स्टेनुन : आणि संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटतोय. सगळं पाणी इकडेच ढकलणार, बर्फासकट.

थॉरलाक : हो.

स्टेनुन : तीन दिवस माणसं वाळू उपसतायत, काका. सिग्रूनबाईंच्या हातांची सालटी निघाली. आता त्यांना सांगू, भरलेल्या पिशव्या उचला आणि पुन्हा वाहा?

थॉरलाक : रस्त्यापलीकडे चाळीस घरं आहेत. टोकावर पाच.

स्टेनुन : पाचात माझं एक आहे. बाबांनी बांधलेलं.

थॉरलाक : ठाऊक आहे मला. त्याच्या छपराचे खिळे मीच मारलेत.

स्टेनुन : गप्प बसला असतात, तर कुणाला कळलं नसतं. तळ्यानंच दगा दिला म्हणाले असते सगळे.

थॉरलाक : कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? आणि मला कळलं असतं की. शिव्या दे हव्या तर, पण उशीर नको करू.

स्टेनुन : शिव्या नंतर देईन. अंधार पडायच्या आत रस्त्याचा बांध होईल?

थॉरलाक : माणसांची साखळी धरली तर होईल. ट्रॅक्टर चर्चपाशी उभा कर, खाली चिखलात रुतेल.

स्टेनुन : माझ्या दारापासून उचलायला लावते. मीच उचलल्या म्हटल्यावर बाकीचे तोंड उघडणार नाहीत.

थॉरलाक : नाही. पहिल्या माझ्या दारच्या. चूक माझी आहे, ती लोकांना दिसू दे. आणि मी तिथेच उभा राहून सांगणार, खांब का चुकला ते.

स्टेनुन : मुकाट्यानं ऐकून घेतील असं समजू नका.

थॉरलाक : नकोच ऐकून घेऊ दे.

स्टेनुन : काकूंना आधी चर्चमध्ये नेऊ या. त्यांचं सामान बांधायला अर्धा तास तरी लागेल.

थॉरलाक : सामान केव्हाच बांधलंय तिनं. दोन पिशव्या दारात ठेवल्यात.

स्टेनुन : मग आत काय करतायत?

थॉरलाक : गुडघ्यावर बसून फरशी पुसतेय. म्हणाली, घाणेरडं घर तळ्याला द्यायचं नाही.